लूर्दची गुहा
फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लूर्द नावाचं गाव आहे. तिथं गाव्ह नदीकाठच्या कातळात एक गुहा आहे. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी १४ वर्षांची बर्नादेत तिथं सरपण वेचायला गेली. बाप गिरणीवाला, पण धंदा बुडालेला. बिऱ्हाड जुन्या तुरुंगाच्या कोठडीत. पोरीला गुहेत तेजस्वी स्त्री दिसली म्हणे! पोलिसांनी उलटसुलट विचारलं, तरी तिची जबानी बदलली नाही. २५ तारखेला तिनं चिखल उकरला. लोकांना ती खुळी वाटली. पण तिथंच झरा वाहू लागला. जूनमध्ये सरकारनं गुहा फळ्या ठोकून बंद केली. ऑक्टोबरात ती उघडावी लागली. १८६२ साली बिशपांनी पोरीचा शब्द मानला. आज यात्रेकरू त्या कातळावरून हात फिरवतात, झऱ्याचं पाणी घरी नेतात. बर्नादेत मात्र १८६६ साली दूरच्या मठात गेली, ती लूर्दला परतलीच नाही.