सुपर मारिओ : खेळता येणारी पात्रे, लपलेली गुपिते आणि लाइट जाण्याआधीची शर्यत

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, त्यात खोचायची पिवळी किंवा काळी कॅसेट आणि स्क्रीनवर उड्या मारणारा मिशीवाला मारिओ. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत उन्हाळ्याची सुट्टी अशीच जात असे. मुंबई-पुण्यात जसा हा गेम होता, तसाच तो अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यासारख्या भागातल्या तालुक्याच्या गावांतही होता. गावाकडे त्याचा एक शत्रू मात्र जास्त होता, तो म्हणजे वीजकपात.

या गेममध्ये खेळ 'सेव्ह' करण्याची सोय नाही. सातव्या जगापर्यंत पोहोचलेल्या मुलाच्या घरची लाइट गेली, की ती परत आल्यावर खेळ पुन्हा १-१ पासून सुरू. २००५ च्या सुमारास राज्यात विजेचा तुटवडा वाढला आणि ग्रामीण भागात रोज अनेक तास भारनियमन होऊ लागले. अशा वेळी मारिओमधली गुपिते ही नुसती गंमत उरत नाही. खेळ पूर्ण करण्याचा तोच खरा मार्ग ठरतो.

गेम कोणता?

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १३ सप्टेंबर १९८५ रोजी आपल्या 'फॅमिकॉम' या यंत्रासाठी बाजारात आणला. शिगेरू मियामोटो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, तर त्याचे प्रसिद्ध संगीत कोजी कोंडो यांचे. संपूर्ण गेम अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. आजच्या मोबाइलवरचा एक साधा फोटोही यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

भारतात बहुतेक घरांत आलेले यंत्र मूळ निन्टेन्डोचे नव्हते. फॅमिकॉमची नक्कल करणारी स्वस्त यंत्रे वेगवेगळ्या नावांनी विकली जात. त्यांच्या कॅसेटवर '९९९९ इन १' असे काहीही छापलेले असे. प्रत्यक्षात थोडेच गेम पुन्हा पुन्हा यादीत घातलेले असत. अशा कॅसेटसोबत माहितीपुस्तिका क्वचितच मिळे. जपानमध्ये या गेमची गुपिते सांगणारे पुस्तक १९८५ साली सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत गेले होते. इकडे तीच माहिती मामेभावाकडून, शेजारच्या दादाकडून किंवा शाळेच्या मधल्या सुट्टीत तोंडी मिळत असे.

पात्रे : मारिओ आणि लुइगी

या गेममध्ये खेळता येणारी पात्रे दोनच.

*मारिओ* हा पहिल्या खेळाडूचा. तो सर्वप्रथम १९८१ च्या 'डाँकी काँग' या गेममध्ये दिसला. तेव्हा त्याचे नाव 'जंपमॅन' होते.

*लुइगी* हा त्याचा भाऊ आणि दुसऱ्या खेळाडूचा. तो १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स' या गेमपासून सोबत आहे. 'लुइगी जास्त उंच उडतो' असे मुले ठासून सांगत, पण १९८५ च्या गेममध्ये दोघांत कपड्यांच्या रंगाशिवाय काहीही फरक नाही. दोघे एकाच वेळी खेळतही नाहीत. एकाची लाइफ गेली, की दुसऱ्याची पाळी येते. म्हणूनच पहिला रिमोट कोणाकडे, यावरून भावंडांत भांडणे होत.

पात्रे दोन असली तरी रूपे अनेक आहेत. सुरुवातीचा छोटा मारिओ एका धक्क्यात मरतो. मशरूम घेतल्यावर तो मोठा होतो आणि डोक्याने विटा फोडू शकतो. मोठा असताना फूल घेतले, की आगीचे गोळे टाकता येतात. चांदणी घेतल्यावर काही सेकंद त्याला शत्रू काहीच करू शकत नाहीत, मात्र खड्ड्यात पडला तर तो तेव्हाही मरतो.

पहिले गुपित : अदृश्य लाइफ

१-१ या पहिल्याच स्टेजमध्ये चार पाइप लागतात. चौथा पाइप ओलांडल्यावर, पहिल्या खड्ड्याच्या थोडे अलीकडे, हवेत एक अदृश्य ठोकळा आहे. योग्य जागी उडी मारली, की तो दिसू लागतो आणि त्यातून हिरवा मशरूम बाहेर पडतो. हा मशरूम म्हणजे एक जादा लाइफ. चौथ्या पाइपवर उभे राहून खालचे बटण दाबले, तर मारिओ जमिनीखालच्या नाण्यांच्या खोलीत जातो, पण तेथून तो स्टेजच्या शेवटाजवळ बाहेर येतो. म्हणजे नाणी घेतली तर लाइफ हुकते. नाणी १०० झाली, की त्यांचीही एक लाइफ मिळते.

सर्वांत मोठे गुपित : आठ स्टेजमध्ये संपणारा खेळ

गेममध्ये ८ जगे आहेत आणि प्रत्येकात ४ स्टेज, म्हणजे एकूण ३२. पण लपलेले 'वॉर्प झोन' माहीत असतील, तर फक्त ८ स्टेज खेळून राजकन्येपर्यंत पोहोचता येते.

पहिला वॉर्प झोन १-२ मध्ये आहे. ही जमिनीखालची स्टेज. शेवटाकडे वर जाणाऱ्या लिफ्टवरून छताच्या विटांवर उडी मारायची आणि बाहेर जाण्याचा पाइप खाली सोडून तसेच वरून पुढे धावायचे. पुढे तीन पाइप दिसतात. डावीकडून अनुक्रमे ते ४, ३ आणि २ या जगांत नेतात.

दुसरा ४-२ मध्ये आहे आणि तो शोधणे अवघड. लिफ्टच्या पुढे हवेत तीन विटांची एक छोटी रांग दिसते. तिच्याजवळ अदृश्य ठोकळे आहेत. ते उघडून त्यांची पायरी करायची आणि विटांपैकी एकीत लपलेली वेल बाहेर काढायची. वेलीवरून वर चढले, की ८, ७ आणि ६ या जगांचे पाइप मिळतात. याच स्टेजच्या शेवटी, १-२ सारखे वरून पुढे गेल्यास आणखी एक वॉर्प झोन लागतो, पण तो फक्त पाचव्या जगात नेतो. बरीच मुले येथे फसत.

म्हणजे सर्वांत जवळचा रस्ता असा : १-१, १-२, ४-१, ४-२, ८-१, ८-२, ८-३, ८-४. जगातले निष्णात खेळाडू या रस्त्याने पाच मिनिटांच्या आत खेळ संपवतात. शेवटची ८-४ ही स्टेज भूलभुलैया आहे. चुकीच्या पाइपात शिरले किंवा नुसते सरळ चालत राहिले, की मारिओ मागे येतो.

लाइफ वाढवणारे कासव

३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून दोन कासवे उतरत येतात. त्यांपैकी मागच्या कासवावर अचूक उडी मारून त्याचे कवच पायरीला आपटत ठेवले, तर प्रत्येक उडीला गुण वाढत जातात. ते १०० पासून ८००० पर्यंत जातात आणि त्यानंतर प्रत्येक उडीला एक लाइफ मिळू लागते.

येथे हाव नडते. हा आकडा गेम ज्या पद्धतीने साठवतो, तीत १२७ च्या पुढचा आकडा उणे धरला जातो. त्यामुळे १२७ पेक्षा जास्त लाइफ जमवल्या आणि नंतर एकदा मेले, तर थेट 'गेम ओव्हर'.

'गेम ओव्हर' नंतरचे गुपित

सगळ्या लाइफ संपल्या तरी खेळ पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नसते. सुरुवातीच्या स्क्रीनवर 'ए' बटण दाबून धरायचे आणि 'स्टार्ट' दाबायचे. ज्या जगात खेळ संपला, त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून तो पुन्हा सुरू होतो. ही सोय गेममध्ये पहिल्यापासून होती, पण स्क्रीनवर तिचा कुठेही उल्लेख नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे खेळूनही अनेकांना ती कळली नाही. अर्थात यंत्र बंद झाले, की हाही मार्ग बंद.

खोटे ड्रॅगन आणि उणे एक

प्रत्येक जगाच्या शेवटी किल्ल्यात ड्रॅगनसारखा दिसणारा बाउझर असतो. त्याच्या पलीकडची कुऱ्हाड गाठली, की पूल तुटून तो खाली पडतो. पण फूल घेतलेला मारिओ असेल आणि त्याने पाच आगीचे गोळे मारले, तर पहिल्या सात किल्ल्यांतला बाउझर मरताना आपले खरे रूप दाखवतो. पहिल्या किल्ल्यात तो साधा गूम्बा निघतो, दुसऱ्यात कासव. खरा बाउझर फक्त आठव्या किल्ल्यात आहे.

'उणे एक' या स्टेजची तर दंतकथाच झाली होती. १-२ च्या शेवटी भिंतीतून विशिष्ट प्रकारे आरपार गेले, की स्क्रीनवर '-१' असे जग दिसते. ही कोणी ठेवलेली गुप्त स्टेज नाही, तर प्रोग्रॅममधली चूक आहे. गेम प्रत्यक्षात जग क्रमांक ३६ उघडतो, आणि ३६ साठी चित्र म्हणून रिकामी जागा असल्याने फक्त '-१' दिसते. ही पाण्यातली स्टेज कधीच संपत नाही. शेवटच्या पाइपात शिरले, की ती पुन्हा सुरू होते. 'पुढे काहीतरी आहे' म्हणून तासभर पोहणाऱ्यांच्या हाती काहीच लागत नसे.

खेळ संपल्यावर काय उघडते?

राजकन्या सुटल्यावर दुसरा, अवघड खेळ सुरू होतो. त्यात गूम्बांच्या जागी आगीने न मरणारी काळी कासवे येतात, आणि 'बी' बटण दाबून कोणत्याही जगापासून सुरुवात करता येते. गेम जिंकून मिळणारे हे एकमेव बक्षीस. लाइट गेली, की तेही जाते.

नंतरच्या गेममधली पात्रे

लुइगी खरोखर जास्त उंच उडू लागला तो १९८६ साली जपानमध्ये आलेल्या दुसऱ्या भागात. १९८८ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स २' मध्ये मारिओ, लुइगी, टोड आणि राजकन्या अशी चार पात्रे निवडता येत. त्यात राजकन्या काही क्षण हवेत तरंगू शकते. पुढे पात्रेच बक्षीस झाली. २००७ च्या 'सुपर मारिओ गॅलक्सी' मध्ये १२० तारे जमवून शेवटची लढाई पुन्हा जिंकल्यावर लुइगी मिळतो, तर २०१३ च्या 'सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड' मध्ये मुख्य खेळ संपल्यानंतरच्या गुप्त जगात रोझलिना.

या नव्या गेममध्ये एकदा उघडलेले पात्र यंत्राच्या स्मृतीत कायमचे राहते. जुन्या कॅसेटमध्ये तसे काहीच साठत नसे. लाइट परत आल्यावर मारिओ पुन्हा १-१ मध्ये छोटाच उभा असे, पण छतावरून कुठे धावायचे आणि वेल कोणत्या विटेत आहे, हे मात्र खेळणाऱ्याला पाठ झालेले असे. त्यामुळे पुढच्या वेळी तो आणखी लवकर पोहोचत असे.