'विडो' शब्दाचा अर्थ आणि उगम

'विडो' म्हणजे पतीच्या निधनानंतर पुन्हा विवाह न केलेली स्त्री. नवशिके त्याची 'विंडो'शी, म्हणजे खिडकीशी गल्लत करतात. 'विंडो' हा 'वाऱ्याचा डोळा' अशा अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला. दोघांचे काहीच नाते नाही.

'विडो'चा खरा सोयरा मराठीतच आहे: 'विधवा'. लॅटिन 'विदुआ', रशियन 'व्दोवा' आणि हिंदी चित्रपटांतून कानावर पडणारा फारसी 'बेवा' हेही त्याच कुळातले. मूळ इंडो-युरोपीय शब्दात वेगळे होण्याचा, दुरावण्याचा भाव असावा. 'वि' अधिक 'धव', म्हणजे पती नसलेली, ही फोड शाळेत शिकवतात. पण 'धव' हा शब्दच 'विधवा'वरून मागाहून पाडला गेला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजीत 'विडोअर', म्हणजे विधुर, हा शब्दही 'विडो'वरूनच घडला. स्त्रीवाचक शब्दापासून पुरुषवाचक शब्द बनल्याचे असे उदाहरण विरळाच.

पुण्यातले कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत आला. आश्रम विधवांचा, पण नाव 'अनाथ बालिकाश्रम'. हा वळसा बोलका आहे. इंग्रजीत पती गेल्यावरही 'मिसेस' तसेच राहते; मराठी पत्रिकांत मात्र 'सौ.'च्या जागी 'गं. भा.' येते.