बुचाची जमीन आणि वरचा मजला

बूच म्हटले की पुण्याच्या वाचकाला रस्त्यावर पडलेला पांढऱ्या, सुगंधी फुलांचा सडा आठवतो. त्या झाडाची साल खऱ्या बुचाऐवजी दुय्यम पर्याय म्हणून वापरली जाई, म्हणून ते बुचाचे झाड. खरे बूच मात्र पोर्तुगाल, स्पेन या देशांत वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल असते. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाले की ती प्रथम सोलतात आणि पुढे साधारणतः दर नऊ वर्षांनी. रॉबर्ट हूकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात तिच्यातील सूक्ष्म कप्प्यांना ‘सेल’ म्हटले; जीवशास्त्रातील ही संज्ञा तिथून आली. हे हवाबंद कप्पे दाबले जातात आणि दाब सरताच पूर्ववत होतात. बुचाचे तुकडे दाबून केलेल्या फरशीवर पाऊल पडले की आघात बराचसा तिच्यातच जिरतो, तो या गुणामुळे.

साहित्याच्या इतिहासात बूच प्रसिद्ध झाले ते जमिनीमुळे नव्हे, भिंतींमुळे. मार्सेल प्रूस्त पॅरिसमधील १०२, बुलेव्हार ओसमान या घरी राहत होता. १९१० साली त्याने आपल्या शयनगृहाला बुचाचे अस्तर लावून घेतले. दम्याने पीडित असलेला हा लेखक दिवसा झोपे, रात्री लिही. पुढे ‘बुचाची खोली’ हा शब्दप्रयोग जगाकडे पाठ फिरवलेल्या लेखकाचे रूपक होऊन बसला. आपल्याकडील कलावाद-जीवनवादाच्या चर्चेत हस्तिदंती मनोऱ्याला जे स्थान आहे, साधारण तेच या खोलीला मिळाले.

वस्तुतः भिंतीवरचे बूच खोलीतला प्रतिध्वनी कमी करते. बाहेरून येणारा आवाज ते फारसा अडवू शकत नाही. वरच्या मजल्यावरची पावले, ठोकाठोक यांपुढे तर त्याचे काहीच चालत नाही. हा आवाज हवेतून नव्हे, बांधकामातून खाली उतरतो. त्याला थोपवण्याची योग्य जागा म्हणजे तो जिथे उत्पन्न होतो ती जमीन. म्हणून घरात बुचाची जमीन बसवताना आधी तळ कोरडा व समपातळीत करून घेतात, फरश्या दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवून तिथल्या हवेला सरावू देतात आणि मग बसवतात. चालणाऱ्याला ती मऊ व उबदार लागते हे खरे. पण तिचा मोठा लाभ खाली राहणाऱ्याला होतो.

प्रूस्तच्या डोक्यावर विल्यम्स नावाच्या एका अमेरिकन दंतवैद्याचा दवाखाना होता. दंतवैद्याच्या पत्नीला प्रूस्तने लिहिलेली तेवीस पत्रे २०१३ साली फ्रेंचमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत आवाजाबद्दलच्या तक्रारी आहेत, पण त्या आर्जवाच्या भाषेत. ठोकाठोकीची कामे आपल्या झोपेच्या वेळा टाळून व्हावीत, एवढीच विनंती. सोबत फुले, पुस्तके जात. पत्रांतून दोघांची आजारपणे, तिचे एकटेपण, पुढे महायुद्धातील मृत्यू असे विषय येत जातात. एकाच इमारतीत राहणाऱ्या या दोघांचा स्नेह मुख्यतः कागदावरच वाढला.

या पत्रांपुढे बुचाच्या खोलीचे रूढ रूपक टिकत नाही. त्या खोलीत शांतता होती, पण ती केवळ अस्तराने दिलेली नव्हती. तिचा काही भाग वरच्या मजल्यावरून येई आणि तो मागून घ्यावा लागे. शिवाय खोली बंदही नव्हती. १९११ साली प्रूस्तने ‘थिएट्रोफोन’ची वर्गणी भरली आणि अंथरुणात पडून तारेवरून ऑपेरा ऐकला. १९१६ साली सेझार फ्रांकची चौकडी ऐकण्यासाठी त्याने चार वादकांना रात्री घरी बोलावले. त्याला आवाज नको होते असे नाही. कोणता आवाज केव्हा आत यावा हे त्याला ठरवायचे होते.

लेखकाचा एकांत ही त्याची एकट्याची मिळकत आहे, असे आपण फार सहजपणे गृहीत धरतो. तो एकांत कोणाच्या संयमावर उभा होता, हा प्रश्न वाङ्मयेतिहासात क्वचितच विचारला जातो. प्रूस्तने आपल्या भिंतींवर बूच बसवले; त्याची खरी गरज विल्यम्स यांच्या जमिनीवर होती. ती जमीन त्याच्या अखत्यारीत नव्हती, म्हणून त्याला पत्रे लिहावी लागली. त्या खोलीचा इतिहास लिहिताना अस्तराइतकीच या पत्रांचीही दखल घ्यायला हवी.