अग्रशीड व त्याचे पुनर्कर्तन

शिडाच्या नौकेत डोलकाठीच्या पुढे, नाळेकडे उतरणाऱ्या ताणदोरावर चढविलेल्या त्रिकोणी शिडास अग्रशीड म्हणतात. जीब, जेनोआ व वादळी जीब हे त्याचे प्रमुख प्रकार होत. एका नौकेसाठी शिवलेले अग्रशीड दुसऱ्या नौकेस बसेल अशा रीतीने कापून पुन्हा शिवणे, म्हणजे त्याचे पुनर्कर्तन. हे काम सैल अंगरखा आखूड करण्याइतके सोपे वाटते; परंतु शीड सपाट नसते. त्याचा फुगवटा पट्ट्यांच्या निमुळत्या शिवणींत आणि कडांच्या वळणांत बांधलेला असतो. तो बिघडल्यास नौका वाऱ्याच्या रोखाने पुढे जाण्याऐवजी बाजूला घसरू लागते. वारा किनाऱ्याकडे लोटत असताना ही उणीव जिवावर बेतू शकते.

यूरोपात लहान नौकांवर आधीपासून रुळलेली जीब १८व्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या जहाजांवर आली. त्या काळचे शीडकापड फ्लॅक्सचे असून त्याच्या अरुंद पट्ट्या मागील कडेला समांतर जोडीत. हे कापड ताणले जाई आणि शिडाला आकार बऱ्याच अंशी या ताणामुळेच येई. त्यामुळे जुने शीड कापून लहान करण्यात फारसे बिघडत नसे. जहाजावरील शीडकार झिजलेल्या शिडांतून लहान शिडे, छते व ठिगळे काढीत असत. काटकसर हा तेथे नित्याचाच नियम होता.

या समजुतीला पहिला मोठा धक्का २२ ऑगस्ट १८५१ रोजी बसला. त्या दिवशी ‘अमेरिका’ या स्कूनरने आइल ऑफ वाइटभोवतालची शर्यत जिंकली. तिची शिडे यंत्रावर कातलेल्या सुताची, घट्ट विणीची व चापट होती. इंग्रज नौकांची फ्लॅक्सची शिडे मात्र पोट सुटल्यासारखी फुगत आणि त्यांची वीण मिटावी म्हणून त्यांवर पाणी मारावे लागे. याच शर्यतीसाठी ‘अमेरिका’ने इंग्लंडमध्ये एका जादा अग्रशिडासाठी लागणारा वासा घेतला होता, तो ऐन शर्यतीत मोडला, पण तिचे काही अडले नाही. त्यानंतर शर्यतीच्या नौकांत सुती शिडांचा प्रसार झाला.

पुढची महत्त्वाची सुधारणा पट्ट्यांच्या दिशेसंबंधीची होती. पट्ट्या मागील कडेला काटकोनात लावल्या, तर कापडाचा बाणा त्या कडेला समांतर येतो व मोठा ताण सरळ धाग्यांवर पडतो. १९व्या शतकाच्या अखेरीस या रचनेच्या प्रसाराचे श्रेय अमेरिकन अभिकल्पक नथॅनिअल हेरेशॉफ यांना दिले जाते. पुनर्कर्तनाचा पहिला नियम येथूनच निघतो : मागील कड शक्यतो कापू नये. ती तिरपी कापल्यास धागे कडेशी कोन करतात, कड ताणली जाते आणि वाऱ्यात फडफडत राहते.

१९२६ साली स्वीडिश नौकापटू स्वेन सालेन यांनी जेनोआ येथील शर्यतीत डोलकाठीच्या मागेपर्यंत जाणारे मोठे अग्रशीड वापरले. त्यास त्या शहराचेच नाव मिळाले. मागील खालच्या कोनापासून पुढील कडेवर टाकलेला लंब हा डोलकाठी व ताणदोराचा पायथा यांतील अंतराच्या दीडपट असेल, तर त्यास १५० टक्क्यांचा जेनोआ म्हणतात. जुने शीड नव्या नौकेस चालेल की नाही, याचा पहिला अंदाज या मापावरून येतो.

व्हिनफील्ड व डिक्सन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये शोधलेल्या पॉलिएस्टर तंतूचे कापड १९५०–६० या दशकात शिडांसाठी आले व त्याने सुताला मागे सारले. ते फारसे ताणले जात नसल्याने आकार मुळातच कापून द्यावा लागतो. मात्र ते कुजत नाही. शर्यतीसाठी निकामी ठरलेले शीड सफरीच्या नौकेवर आणखी बरीच वर्षे चालू शकते आणि जुन्या शिडांच्या खरेदी-विक्रीला यामुळेच वाव मिळाला. अशा शिडात कापडापूर्वी शिवण जाते. सुती कापडात दोरा रुतून बसे. पॉलिएस्टरच्या कठीण पृष्ठावर तो उघडा राहतो, घासला जातो व उन्हाने जळतो. म्हणून माप घेण्यापूर्वी टाके नखाने ओढून पाहावेत, हे उत्तम.

प्रत्यक्ष कामात तळकड कापणे सर्वांत सोपे असते. पण तसे केल्याने खालच्या दोन्ही कोनांची अनेकपदरी ठिगळे जातात व ती नव्याने घालावी लागतात. शिवाय मागील कोन वर सरकल्याने शीड आवळणाऱ्या दोराची जागाही बदलावी लागते. पुढील कड कापणे अधिक नाजूक आहे. जोराच्या वाऱ्यात ताणदोर झोल खातो, म्हणून ही कड साधारणतः किंचित आत वळलेली ठेवतात. ती सरळ कापल्यास झोलामुळे शीड अवाजवी फुगते. तसेच पुढचे कापड गेल्याने सर्वांत खोल भाग कडेच्या जवळ येतो. हौशी नौकापटूंच्या हातून बहुधा येथेच शिडाचा नाश होतो. ताणदोरावर शीड गुंडाळण्याच्या साधनांचा १९७० नंतर प्रसार झाला, तेव्हा धातूच्या कड्या काढून खोबणीत बसणारी पट्टी शिवणे हेही याच कामाचा भाग बनले.

दूरच्या सफरीत शीड सांभाळण्याचे काम नाविकाकडेच येते. मुंबईत सागवानात बांधलेली व १९६४ मध्ये पाण्यात सोडलेली ‘सुहेली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत फाटलेली शिडे ते हाताने शिवीत. एकदा तर शिडाबरोबर त्यांची मिशीही टाक्यात सापडली.

१९७० नंतर पॉलिएस्टरच्या पातळ पटलावर तंतू चिकटवून केलेली शिडे आली. पुढे तंतू ताणाच्या रेषांनुसार, एका कोनापासून दुसऱ्या कोनाकडे मांडण्यात येऊ लागले. अशा शिडाची कड कापली की भार वाहणारे तंतूच तुटतात. त्यामुळे पुनर्कर्तन मुख्यत्वे विणलेल्या पॉलिएस्टरच्या शिडांपुरतेच उरले आहे.