बिनमिठाचा भात आणि अंतर्यामी

उत्तर माहीत नसलं की आपण गोंयकार सहज म्हणून जातो, "देवाक खबर!" मनातलं सगळं जाणणारा तो एकटाच, ही श्रद्धा देवळात जाणाऱ्याची आणि इगर्जीत जाणाऱ्याचीही. पण जुन्या गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत (मधली १७७४ ते १७७८ ही वर्षं सोडून) एक कचेरी होती, तिला हे ज्ञान स्वतःकडे हवं होतं. इन्क्विझिशनची कचेरी. लोक तिला ‘ओर्लें घर’, म्हणजे मोठं घर, म्हणत.

तिथली रीत विलक्षण होती. कैद्याला आरोप सांगत नसत. आपला गुन्हा कोणता, हे त्यानेच आठवून कबूल करायचं! शार्ल देलों या फ्रेंच वैद्याने ही कोठडी भोगली आणि १६८७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. न्यायासनाला सगळं आधीच ठाऊक आहे, असा आव. थेट देवाचीच नक्कल म्हणा ना.

पण माणसाच्या मनात शिरायचं कसं? मग नजर गेली स्वयंपाकघराकडे. १७३६ चा हुकूमनामा अ. का. प्रियोळकरांच्या पुस्तकात मुळातून वाचावा. भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, दारात तुळस नको, एकादशीचा उपास नको, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. बाटून दीडशे-पावणेदोनशे वर्षं झालेली घराणी, पिढ्यान् पिढ्या पाद्रीपुढे कबुली देणारी, आणि तरी त्यांच्या श्रद्धेची परीक्षा भाताच्या तपेल्यात! मला हा हुकूमनामा जरबेचा कमी आणि हतबलतेचा जास्त वाटतो. जे हुकमाने बंद झालं असतं, ते पावणेदोन शतकांनी पुन्हा कशाला बंद करावं लागलं असतं?

भीती मात्र खरी होती. कचेरीचे कान म्हणजे शेजारी, नोकर, कधी घरचंच माणूस. देव मनातलं ऐकून गप्प राहतो, शेजारी राहीलच असं नाही.

कुंकळ्ळीच्या ख्रिस्ती गावकर घराण्यांचं फातर्पेच्या शांतादुर्गेशी असलेलं नातं आजही तुटलेलं नाही. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला हिंदू तेल वाहतात, शिरगावच्या लईराईची बहीण मानतात.

१८१२ नंतर त्या कचेरीची बहुतेक कागदपत्रं जाळण्यात आली. इमारतही पुढे पाडली गेली. तिथे कोणी काय कबूल केलं आणि मनात काय राखून ठेवलं... देवाक खबर.