विजेच्या दिव्यांतील सांधे

नागपूरच्या दक्षिणेस असलेलें बेसा हें गांव आतां शहराला येऊन मिळालें आहे. तेथील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर तारेचा निकामी दिवा सांपडला, तर तो फेंकण्यापूर्वीं उजेडांत धरून पाहावा. कांचेच्या चपट्या देठांतून दोन तारा वर गेलेल्या दिसतात. प्रत्येक तार एकसंध भासते; वस्तुतः ती बहुधा तीन तुकड्यांची असते. बाहेरचा तुकडा तांब्याचा, कांचेंत रुतलेला मिश्र बनावटीचा, आणि तंतूला धरणारा आंतला तुकडा निकेलचा.

एडिसननें १८७९ सालीं कार्बनच्या तंतूचा दिवा सिद्ध केला, हें शाळेंतील मुलेंही जाणतात. परंतु निर्वात गोळ्यांत वीज नेणें हेंही तितकेंच बिकट होतें. तापल्यावर तार व कांच सारख्या प्रमाणांत फुगल्या नाहींत, तर केसाएवढी फट पडते, हवा आंत शिरते आणि तंतु जळून जातो. प्लॅटिनमचें प्रसरण कांचेशीं जवळजवळ जुळतें, म्हणून तें घ्यावें लागलें. आणि तें पडलें अत्यंत महाग. दिवा सामान्य घरीं जाण्याच्या वाटेंत ही बोटभर तार आडवी आली होती.

मग कांचेपुरताच उंची धातु ठेवून उरलेली तार स्वस्त धातूची कां करूं नये? येथें सांध्याचा प्रश्न उभा राहतो. तांबट भांड्याला डाख देतो, तसा डाख येथें चालत नाहीं. कांच मऊ होऊन तारेवर दाबली जाईपर्यंत तो केव्हांच वितळून वाहून जाईल. अमेरिकेंतील एलिहू टॉमसन यांनीं १८८६ सालीं विजेनें धातु सांधण्याच्या युक्तीचें पेटंट मिळविलें. दोन टोकें एकमेकांवर दाबून जोराचा प्रवाह सोडावयाचा. स्पर्शाच्या जागीं विरोध अधिक, म्हणून तेथेंच उष्णता होते आणि टोकें एकजीव होतात. तिसरा धातु लागत नाहीं. दिव्याच्या तारांना हेंच तत्त्व उपयोगी पडलें.

प्लॅटिनम मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गेलें. बायरन एल्ड्रेड व कॉलिन फिंक यांच्या प्रयत्नांतून ड्यूमेट तार निघाली : गाभा लोखंड-निकेलचा, वर तांब्याचें वेष्टण. गाभा फार थोडा फुगतो, तांबें फार. दोहोंच्या ओढाताणींत कांचेला मानवेल असें प्रसरण साधतें. संसारांतही असे जोड पुष्कळ आढळतात!

तंतूच्या बाबतींत कूलिज यांनीं १९१० च्या सुमारास टंगस्टनची लवचिक तार काढली. नागपूर जिल्ह्यांतील कुही, खोबणा व आगरगांव या भागांतही टंगस्टनचें खनिज आहे, पण दगडांत त्याचा अंश अल्प. हा धातु ३४२२ अंशांवर वितळतो, निकेल १४५५ वरच. म्हणून दोहोंस वितळवून जोडण्यापेक्षां निकेलच्या तारेचें टोंक वळवून त्यांत तंतु चिमटून धरीत.

माळ्यावरच्या त्या दिव्याची कांच आंतून काळवंडली असेल, तर तंतु झिजून दिवा गेला. पांढुरकी भुकटी दिसली, तर कोठें तरी फट राहून हवा आंत शिरली.