लखनौचा पाळणा

लखनौस बदलून आलेल्या मराठी माणसास हे शहर प्रथम आपलेसे वाटते ते पंडित भातखंडे यांच्यामुळे. १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज स्थापन झाले आणि हिंदुस्थानी संगीताच्या शिक्षणाशी एका महाराष्ट्रीयाचे नाव कायमचे जोडले गेले. परंतु आम्हां मराठी जनांनी लखनौपासून शिकावे असे आणखीही काही आहे. ते गाण्यात नाही, शोक करण्याच्या रीतीत आहे.

इ. स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन व त्यांचा परिवार पाण्यावाचून कोंडला गेला. परंपरा सांगते की, त्यांचे सहा महिन्यांचे बाळ अली असगर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा पित्याने त्यास हातांवर धरून पाणी मागितले. उत्तरादाखल बाण आला. अवधच्या नवाबांनी या स्मरणास राजाश्रय दिला. आसफउद्दौला यांनी १७८४ च्या सुमारास, दुष्काळात लोकांस काम मिळावे म्हणून, मोठा इमामबाडा बांधविला. पुढे मीर अनीस (१८०३-१८७४) आणि मिर्झा दबीर यांनी मर्सिया हे शोककाव्य येथेच कळसास नेले. मोहरमात या बाळाचा रिकामा पाळणा आजही लोकांपुढे आणला जातो आणि त्याच्या तहानेच्या आठवणीने रस्तोरस्ती सबिली लावून वाटसरूंस पाणी पाजतात. स्त्रियांच्या मजलिशी निराळ्या भरतात. तेथे बाळाची माता रबाब हिच्या दुःखाचे वर्णन ऐकताना साऱ्याच रडतात. तू कोणासाठी रडतेस, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. जिचा स्वतःचा पाळणा रिकामा झाला आहे, तिच्या अश्रूंसही तेथे वाट मिळते.

आमच्याकडे काय होते? दोन वर्षांच्या आतील मूल भूमीत पुरावे व त्यास उदक देऊ नये, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. घरोघरी मुले दगावत त्या काळी कुटुंबावर विधींचा भार वारंवार पडू नये, असा दयेचा हेतू त्यामागे असेलही. परंतु दहावा नाही, तेरावा नाही, श्राद्ध नाही. म्हणून समाचारास येणारेही थोडे. ‘पुन्हा पाळणा हलेल’ एवढ्यावर आईची बोळवण होई. पान्हा फुटलेला आणि ओटी रिकामी, या दुःखास विधीच नव्हता.

आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी पुत्र झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. वैद्यकीचा त्यांचा निश्चय त्या दुःखातून दृढ झाला. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंनी त्यांस घरच्या मुलीप्रमाणे सांभाळले. १८८६ साली त्या फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या. प्रबंधास त्यांनी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला होता. पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या, आणि त्यांच्या रक्षेस कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत जागा मिळाली. नात्यागोत्याबाहेरचे माणूसही किती जवळचे होऊ शकते, याची ही साक्ष होय.

सरकारी दप्तरासही हे दुःख ओळखावयास वेळ लागला. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मान्य केली. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने, मृत बालक जन्मल्यास अथवा जन्मानंतर लवकरच बाळ दगावल्यास, आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांस काही अटींवर साठ दिवसांची विशेष प्रसूतिरजा देऊ केली आणि मातेच्या मनावर होणाऱ्या आघाताचा त्या आदेशात उल्लेख केला.

रजेने दिवस मिळतात. सोबत माणसांनीच द्यावयाची असते. बदलीच्या गावी माहेर दूर असते आणि शेजार नवा असतो. बारशाच्या आमंत्रणास आम्ही सारे जमतो. बारसे न झालेल्या बाळाच्या घरी मात्र, काय बोलावे या संकोचाने, आमचे पाऊल उंबरठ्याशी अडते. लखनौची रीत पाहता बोलण्याची फारशी गरज नसते, असेच दिसते. जाऊन बसावे. बाळाचे नाव ठेवले असल्यास ते उच्चारण्यास कचरू नये. बापाच्या मुक्या दुःखाकडेही पाहावे. दोन वेळचा डबा पोचवावा. आणि महिन्याभराने, इतरांस विसर पडला असता, पुन्हा जावे. बाळास उदक देणे शास्त्राने वगळले. पण त्याच्या आईजवळ बसून तिला घोटभर पाणी देण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही.